महापालिका दवाखान्यातील थुंकी तपासणी : आमचा अनुभव

खोकला दोन आठवडे टिकला की थुंकी तपासावी, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही औषधाच्या दुकानातील बाटल्या आणि दोन खासगी डॉक्टरांच्या गोळ्या यांत धाकट्या भावाचे अडीच महिने गेले, कारण रोजंदारी बुडण्याची भीती होतीच, आणि घरात लग्नाची बहीण असताना ‘टीबी’ हा शब्द चाळभर होईल ही भीती त्याहून मोठी होती. मुंबईतील आमच्या भागातील या दवाखान्यात मात्र सीबीनॅट या, थुंकीतील क्षयाचे जंतू यंत्रावर शोधणाऱ्या तपासणीतून दुसऱ्याच दिवशी टीबीचे निदान झाले आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल, हेही कळले. तपासणी व सहा महिन्यांची औषधे मोफत आहेत. शिवाय क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००) मिळतात. ‘इतके दिवस काय करत होतात?’ असे परिचारिकेने एकदाही विचारले नाही, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. खटकली ती रांग. ती भर रस्त्यालगत, ‘क्षयरोग’ अशा ठळक पाटीखाली लागते, आणि ओळखीचे कोणी दिसताच एक बाई नमुना न देताच परत गेल्या. ही रांग आवारात हलवावी, अशी लेखी विनंती मी केली आहे.