शिवाजी पेठ की पाचगाव? गोतावळ्याच्या नजरेतून

कोल्हापुरात राहायचं तर जुन्या शिवाजी पेठेत की शहराच्या कडेच्या पाचगावात? मी दोन्हीकडं राहिलोय. पेठेत माणसाला भेटायचं ठरवावं लागत नाही. दूध आणायला बाहेर पडलं की तालमीच्या दारात दोघे-तिघे उभे असतातच. "काय भावा, कुठं निघालास?" इथून सुरू झालेली गोष्ट रंकाळ्याच्या कट्ट्यावर जाऊन संपते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना असला की सगळी गल्ली चालतच निघते. 1912 सालचं कुस्तीचं खासबाग मैदानही तसं पायाखालचंच.

पुढं पाचगावात राहायला गेलो. तिथं घर मोठं मिळालं, अंगणात कढीपत्ता लावता आला, रात्री शांत झोप लागते. पण पहिलं वर्ष जड गेलं. मित्र म्हणायचे, "येतो की रविवारी," आणि रविवार निघून जायचा. आईला तर सकाळचं अंबाबाईचं दर्शन तुटलं, ते तिला फार लागलं.

हळूहळू इथलंही जमलं. कळंब्याच्या तलावावर पहाटे फिरणारे चौघे ओळखीचे झाले. शेजारच्या काकू पातेलंभर पांढरा रस्सा कुंपणावरून देतात, परत देताना आई त्यात थालीपीठं घालते. पेठेत ओळखी वारशानं आल्या होत्या, इथं एकेक जोडावी लागली.

ज्यांचं मित्रमंडळ तालमीतलं आहे, त्यांनी लहान घर असलं तरी पेठ सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. लहान मुलं असतील तर पाचगाव बरं. आणि गाडी घरात हवीच; गणपतीत मिरवणूक बघून पहाटे परतताना तिची किंमत कळते.