५ मिमी वेटसूट, १२ लिटरचा स्टील सिलिंडर आणि बुटाखालचा गंज: आठ महिन्यांनंतर

मध्यंतरी माझा स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाण्याखाली श्वासाला लागणाऱ्या हवेचा सिलिंडर तपासणीला दिला होता. तपासणाऱ्याने बुडाचा रबरी बूट दोन्ही हातांनी ओढून काढला, खालून तपकिरी पाणी टेबलावर सांडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बुडाच्या गोलाईवरचा रंग गेलेला, गंजाचा दोन बोटं रुंद पट्टा, नखाने खरवडला की खवले निघत होते. आठ महिने मी हा सिलिंडर प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुतला आहे. बूट मात्र एकदाही काढला नाही, कारण विकणाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, बूट काढायची गरज नाही, तो तसाच असतो."

त्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून आधी बुटाबद्दलच लिहिते.

ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं बूड सपाट असतं, तो आपला आपण उभा राहतो. स्टीलचं बूड गोल, म्हणून त्याला बूट लागतो. आता हा बूट घट्ट बसतो, आत खारं पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून कितीही नळ सोडा, आतलं मीठ तसंच राहतं. मस्कतच्या उन्हात पाणी आटतं, मीठ उरतं, पुढच्या डाइव्हला पुन्हा भिजतं. रंगाला एक ओरखडा पडला की तिथून गंज सुरू. चांगल्या बुटाला आतून उभ्या खाचा आणि तळाला भोकं असतात, माझ्याला दोन्ही नव्हतं. स्टील घेणार असाल तर पैसे देण्याआधी बूट उलटा करून बघा, आणि जुना सिलिंडर असेल तर तो काढून दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. दाखवायला कुरकुर केली तर सरळ निघून या.

मी विकणाऱ्याकडे परत गेले. उत्तर मिळालं, "वापरलेला घेतलात, गॅरंटी नाही." हे मला मान्य आहे. मला गॅरंटी नको होती, खरी माहिती हवी होती. तासभर बोलणं झालं, आवाजही चढले, हाती काही लागलं नाही. वाळू मारून साफ करणं, रंग आणि हायड्रो टेस्ट (पाणी भरून, जास्त दाब देऊन सिलिंडर टिकतो का ते बघणं), सगळा खर्च माझा.

आता वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारा घट्ट रबरी पोशाख. मी मस्कतला राहते, डाइव्ह बहुतेक बंदर खैरान आणि दैमानियत बेटांकडे. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही अल मुनस्सिरवर गेलो होतो. ओमानच्या नौदलाचं हे जहाज २००३ साली मुद्दाम बुडवलं, तळ साधारण ३० मीटरवर. अंगात भाड्याचा ३ मिमी जाडीचा सूट. वर पाणी ३१ अंश, खरं तर सूट नकोसा वाटत होता. वीस मीटरच्या आसपास तव्यावरची हवा थरथरते तसं पाणी थरथरताना दिसलं आणि त्याखाली डाइव्ह कॉम्प्युटरने २२ अंश दाखवले. पाच मिनिटांत हनुवटी थरथरायला लागली. थंडीने श्वास वाढला, पंधराव्या मिनिटाला माझ्या सिलिंडरमधला दाब ९० बारवर आला होता (भरलेला २०० असतो) आणि बडीचा, म्हणजे सोबतच्या डायव्हरचा, १३० वर. त्या दिवशी ठरवलं की सूट स्वतःचा, आणि ५ मिमीच.

वरचं तापमान बघून सूट ठरवायचा नसतो, हे इथे राहून पक्कं कळलं. वेटसूटच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात, ऊब तेच धरतात. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे बुडबुडे पाव आकाराचे होतात आणि सूट पातळ पडतो. जिथे पाणी सगळ्यात गार, तिथेच सूट सगळ्यात पातळ. म्हणून वरच्या हिशोबाने घेतलेला ३ मिमी खाली जवळजवळ नसल्यासारखा. मापाबद्दल एकच सांगते: कमरेच्या खळग्यात पोकळी राहता कामा नये. मला दुकानात एक माप मोठा "आरामात बसेल" म्हणून देत होते. घेतला असता तर हालचाल झाली की तिथलं कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत, असं सतत झालं असतं. मी घट्ट घेतला. चढवायला दहा मिनिटं लागतात, पण पाठ उबदार राहते. जानेवारीत २३ अंशांत दोन डाइव्ह केल्या, त्रास नाही.

मग शिशाचा, म्हणजे तरंगणाऱ्या सूटसकट खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधायच्या वजनाचा प्रश्न आला. भाड्याच्या ॲल्युमिनियमवर ३ मिमीला मला ५ किलो लागायचं, ५ मिमीला ७. पहिल्या तिन्ही डाइव्हला शेवटी ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या थांब्याला) पाठीवरचा सिलिंडर मला वर खेचत होता. तीन मिनिटं थांबायचं तर खडक धरून ठेवावा लागला. याच वैतागाने मी स्टील घेतला. शिसं थेट ५ किलोवर आलं आणि स्टॉप स्थिर झाला.

इथे एक दुरुस्ती करायची आहे. सुरुवातीचे दोन महिने मी भेटेल त्याला सांगत होते की स्टील डाइव्हच्या शेवटी हलका होत नाही. ते चूक होतं. आमच्यातले एक मालवणचे काका, आयुष्य बंदरातल्या डायव्हिंगच्या कामात गेलेले, ऐकून म्हणाले, "अगो, हवा वापरतंस तेवढीच ना? मगे वजनय तेवढाच कमी होतला." घरी येऊन हिशोब केला. १२ लिटर गुणिले २०० बार म्हणजे २४०० लिटर हवा, लिटरला साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे जवळपास २.९ किलो. ५० बारवर येईपर्यंत त्यातले सुमारे २.२ किलो मी श्वासातून घालवलेले असतात. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियममधूनही सुमारे दोन किलो जातात. हलके दोन्ही होतात. स्टील मुळातच जड असतो, म्हणून रिकामा झाला तरी पाण्यात किंचित बुडतोच. ॲल्युमिनियम मात्र शेवटी जवळपास पावणेदोन किलोने तरंगतो आणि ते आपल्याला कमरेच्या शिशाने भरून काढावं लागतं.

काकांनी याहून महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली. बेल्टवरचं शिसं गरज पडली तर सोडता येतं, सिलिंडर सोडता येत नाही. ३० मीटरला डाइव्हच्या सुरुवातीला सिलिंडर भरलेला, सूट दबून दोन-तीन किलोंची तरंगण्याची ताकद गेलेली, आणि त्याच वेळी बीसीडी (हवा भरून तरंगण्यासाठीचं जाकीट) फाटली तर? मी करून बघितलं: नांगराच्या दोरीलगत, २० मीटरवर, बडीला समोर ठेवून बीसीडी रिकामी केली आणि पाय मारत वर यायचा प्रयत्न केला. पाच किलो शिशासकट जागची हलले नाही म्हटलं तरी चालेल, दोन मिनिटांत दम लागला. खिशातलं दोन किलो शिसं बडीच्या हातात दिलं तेव्हा सावकाश वर सरकता आलं. तेव्हापासून निदान दोन किलो पटकन निघणाऱ्या खिशांत असतंच, सगळं बेल्टवर बांधत नाही. सूट आणि सिलिंडर मी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी घेतले. आता घेताना एकाच कागदावर दोघांचा हिशोब मांडला असता.

हवेच्या साठ्याबद्दलही मत बदललं. "५० बारला वर" हे शिकवलेलं असतं. ३० मीटरवर बडीची हवा संपली आणि दोघांना माझ्या सिलिंडरवर यायचं झालं तर? घाबरलेल्या माणसाला मिनिटाला २५ लिटर धरले तर दोघांचे ५०. खाली सावरायला एक मिनिट, चौपट दाबाला चौपट हवा: २०० लिटर. मिनिटाला ९ मीटरने ५ मीटरपर्यंत: ३८५ च्या आसपास. तीन मिनिटांचा स्टॉप: २२५. एकूण ८१० लिटर. माझ्या १२ लिटरमध्ये हे ६८ बार होतात, ॲल्युमिनियममध्ये ७३. आता मी ३० मीटरचा तळ ८० बारला सोडते, बडी कितीही म्हणो की अजून बरीच आहे.

सूटमधला एक बदल सहाव्या महिन्यात जाणवला. शिसं जास्त वाटू लागलं, विनाकारण बुडत होते. वारंवार दबून रबर कायमचं बसतं, खांद्यांवर आणि मांड्यांवर बोटाने चाचपलं तरी कळतं. आता ४ किलो पुरतं. सूट थोडा कमी उबदार झालाय हेही खरं, पुढच्या ऑगस्टला आत पातळ हूडवाली बनियन घालावी लागेल.

सिलिंडर गावी मालवणला नेण्याचा विचार सोडला. विमानात व्हॉल्व्ह काढून, पूर्ण रिकामा न्यावा लागतो, आणि भारतात सिलिंडर नियमांप्रमाणे मंजुरी नसलेल्या सिलिंडरमध्ये कायदेशीर हवा भरता येत नाही. ती मंजुरी देणारं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे, पण एका सिलिंडरसाठी तो खटाटोप मी करणार नाही. तारकर्लीला भाड्याचाच घेईन, फक्त सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख वाचून.

हायड्रोचा निकाल काल आला. खड्डे उथळ निघाले, ३४८ बारला सिलिंडर पास झाला, खांद्यावर नवी तारीख ठोकली आहे. जुना बूट मी फेकून दिला. खाचांचा नवा मागवलाय, तो येईपर्यंत नवऱ्याने लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून दिली आहे. त्यात सिलिंडर उभा आहे, आत वीस बार हवा ठेवून, म्हणजे दमट हवा शिरणार नाही. बूड उघडं आहे. सकाळी जाता-येता मी हात फिरवून बघते.