कागद उत्तम, मंत्र लांबलचक: नौपाड्यातला हस्तनिर्मित कार्डांचा संच

ठाण्यात राम मारुती रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका लहानशा स्टेशनरीच्या दुकानात मनःशांतीसाठीचा कार्डसंच मिळतो. डब्यात घडीची सहा कार्डं, सहा लिफाफे आणि एटीएम कार्डाच्या मापाची सहा छोटी मंत्रकार्डं. लिहिलेला संच ५४० रुपयांना, त्याच कागदाचा कोरा ३६० रुपयांना. कोरा घ्या.

कागदापासून सुरुवात करू, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. हा सुती चिंध्यांच्या लगद्याचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) हातकागद आहे. पुण्याच्या शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा कागद ज्यांनी हाताळलाय, त्यांना हा पोत ओळखीचा वाटेल. सुती लगद्यात लिग्निन, म्हणजे कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक, जवळजवळ नसतं, त्यामुळे वर्तमानपत्र पिवळं पडतं तसा हा पडत नाही. बाजारात हातकागदाच्या नावाखाली खरखरीत छाप मारलेला मशीनचा कागदही खपतो. ओळखायचं असेल तर कोपऱ्यातला छोटा तुकडा उभा आणि आडवा फाडून बघा. मशीनचा कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसरीकडे वेडावाकडा जातो, कारण त्यातले तंतू एकाच दिशेने लागलेले असतात. हातकागद दोन्हीकडे सारखाच ओबडधोबड फाटतो. इथला तसाच फाटला.

घडीही नेटकी आहे. इतक्या जाड कागदाला नुसतं दुमडलं की पाठीवरचे तंतू तुटून पांढरी भेग दिसते. म्हणून आधी बोथट टोकाने खाच पाडावी लागते, आणि खाच घडीच्या बाहेरच्या बाजूला यावी लागते. घरी कार्ड करणाऱ्यांना यासाठी शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरे. खाली जुन्या मासिकाचा गठ्ठा ठेवा, टणक टेबलावर खाच नीट बसत नाही.

सहापैकी पिवळं कार्ड मात्र टाळा. रंग हळदीचा आहे, आणि हळद उजेडात टिकत नाही. खिडकीजवळ उभं ठेवलंत तर थोड्याच दिवसांत दर्शनी बाजू फिकट आणि आतली गडद, असं दुरंगी कार्ड हाती येईल.

सजावटीला सुकवलेल्या बोगनवेलीच्या पाकळ्या वापरल्यात, ही निवड जाणकाराची. बोगनवेल मुळातच कागदी, पाणी कमी, त्यामुळे दाबल्यावर रंग बराच टिकतो. जास्वंद याच पद्धतीने काळीनिळी पडते. बिघडलंय ते चिकटवण्यात. फेव्हिकॉल जाड लावल्याने त्यातलं पाणी कागदाने शोषलंय आणि दोन कार्डांवर पाकळीभोवती फुगवटा आलाय. हा गोंद काडीच्या टोकाने ठिपक्याएवढा लावून वर बटर पेपर आणि जड पुस्तक रात्रभर ठेवलं, की कार्ड सपाट राहतं. ठाण्याच्या पावसाळ्यात आणखी एक कटकट: लिफाफ्याच्या झाकणावरचा गोंद दमट हवेने आपोआप चिकटतो. डबा आणल्यावर प्रत्येक झाकणाखाली बटर पेपरची पट्टी सरकवा आणि सिलिका जेलची पुडी टाका.

आता अक्षर. लिहिलेल्या संचातलं देवनागरी बोरूचं आहे, वळण सुरेख, पण शाई फुटलीय. कागदाला खळ कमी असली की शाई तंतूतंतूंतून पसरते आणि काने-मात्रांच्या कडा केसाळ दिसतात. एका कार्डावर तर ‘सर्व’चा रफार ‘स’वर जाऊन बसलाय! कोऱ्या कार्डाच्या मागे पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब काही वेळ उभा राहिला तर फाउंटन पेनही चालेल, लगेच जिरला तर पिगमेंट शाईचं ०.५ किंवा ०.८ चं पेन घ्या. टोकात तंतू अडकून रेघ तुटायला लागली की ओलसर फडक्यावर टोक पुसायचं, जोर द्यायचा नाही.

मुख्य तक्रार मंत्रांबद्दल. ‘मी शांत आहे, माझं मन स्थिर आहे, माझ्याभोवती सकारात्मक ऊर्जा आहे’ अशी ओळ रागाच्या किंवा धास्तीच्या क्षणी आठवतही नाही आणि पटतही नाही. छातीत धडधडत असताना ‘मी शांत आहे’ म्हटलं की मन लगेच उलट उत्तर देतं. मंत्र लहान हवा, एका उच्छ्वासात संथपणे म्हणून होईल एवढा. साधारण सहा ते दहा अक्षरं. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा २३ निरोगी प्रौढांवरचा अभ्यास आला होता. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा बौद्ध मंत्र, या दोन्हींनी श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहावर येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. वारकऱ्यांचं ‘राम कृष्ण हरी’ सहा अक्षरांत बसतं, ते उगाच नाही.

कोऱ्या कार्डावर लिहायचं तर माणूस बघून लिहा. ऑफिसात चटकन भडकणाऱ्यासाठी ‘आधी श्वास, मग उत्तर’. दहावीच्या मुलीसाठी ‘समोरचा प्रश्न, फक्त तोच’. दवाखान्यात असलेल्या काकूंना ‘सगळं छान होईल’ पाठवू नका, ते आपल्या हातात नसतं. ‘आजच्यापुरतं आज’ चालेल. श्वास घेताना गप्प राहायचं आणि सोडताना ओळ म्हणायची, हे कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहून द्या, नाहीतर कार्ड नुसतं फ्रिजवर लटकतं. ज्याला झोप लागत नाही, ज्याचा घाबरेपणा आठवडे टिकलाय, त्याला कार्डाबरोबर डॉक्टरांकडेही न्या.

छोटी मंत्रकार्डं हा संचाचा सगळ्यात उपयोगी भाग. ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत उभ्याने जातानाही खिशातून काढून वाचता येतात. पण कोपरे पिंजतात. गरम लॅमिनेशन करू नका: पाकळीत उरलेला ओलावा तापून ती तपकिरी होते आणि बुडबुडे धरतात. कोपरे गोल कापून प्लास्टिकच्या खोळीत ठेवणं बरं.

पोस्टाने पाठवणाऱ्यांनी वजनाचा हिशोब करावा. घडीचं कार्ड उघडल्यावर ए५ (ए४ च्या निम्म्या) मापाचं, म्हणजे सव्वानऊ ग्रॅम. लिफाफा पाच-साडेपाच. एकूण पंधराच्या आत, म्हणजे साध्या पत्राच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात. आत शंभर जीएसएमचा ए५ कागद घातला तर अठरा. वर बटण किंवा लाकडी तुकडा चिकटवलात तर टप्पा ओलांडू शकतो, शिवाय शिक्का मारताना तो उठून येतो.

दुकानातल्या बाई कागदाबद्दल विचारलं की मनापासून सांगतात, कार्डाचे नमुने हातात देतात. मजकूर दिलात तर दहा रुपये कार्डामागे घेऊन लिहून देतात, पण तो कागदावर लिहून न्या आणि रफार, अनुस्वार समोरच तपासा. पाच दिवस लागतात. दिवाळीच्या सुमारास घाई केलीत तर गोंद न सुकलेली कार्डं डब्यात बंद होतात आणि एकमेकांना चिकटतात.