दिवाळीला पुण्याहून सोलापूर: स्वतःची गाडी, रात्रीची ट्रॅव्हल्स की रेल्वे?

दिवाळी जवळ आली की हडपसर, खराडी, हिंजवडीतल्या प्रत्येक सोलापूरकराचं एकच चालू होतं, यंदा घरी जायचं कशानं. तिकिटाचे दर, एसी, सीट हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्यात शिरत नाही. सणाच्या गर्दीत पोरं आणि वयस्कर माणसं सोबत असताना कशानं गेलं की जीवाला घोर लागत नाही, एवढंच बोलतो. तिन्ही प्रकारानं जाऊन झालंय, आणि प्रत्येकाचा अनुभव वेगळा असू शकतो हे आधीच मान्य.

गाडीचं म्हणाल तर सोय एक नंबर. फराळाचे डबे, पोरांचे कपडे, काय पाहिजे ते टाका आणि दारातनं दारात. दिवसा गेलात तर माझी फारशी तक्रारही नाही, लोणी काळभोर, उरुळी कांचन पार करेपर्यंत डोकं उठतं तेवढंच. प्रश्न रात्रीचा आहे. आपल्याकडं दिवाळीच्या आगंमागंच कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, आणि इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ या पट्ट्यात ऊसाची वाहनं रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं माखलेला, आणि ड्रायव्हरनं टेप एवढ्या जोरात लावलेला की हॉर्न ऐकूच जात नाही. ऐंशीच्या स्पीडला असताना समोर काहीच दिसत नाही आणि मग एकदम ऊसाची भिंतच उभी राहते. कारखानेवाले हंगामाच्या सुरवातीला रिफ्लेक्टर चिकटवतात, चांगलं आहे, पण सगळ्यांनाच लागतात असं नाही. त्यात पुण्यातनं निघणारा माणूस दिवसभर ऑफिस करून रात्री नऊला स्टेअरिंगवर बसतो. गाडीनंच जायचं असेल तर पहाटे उजाडता उजाडता निघा, आणि वाटेत काही झालं तर हायवेचा 1033 नंबर फोनमधे आधीच सेव्ह करून ठेवा.

आता ट्रॅव्हल्स. झोपून जायला मिळतं, ऐनवेळी तिकीट मिळतं, म्हणून गर्दी तिकडंच. सणात दर किती चढतात ते सांगायला नको. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही असा राज्य सरकारचा 2018 चा नियम आहे, तो खिडकीवर कोण विचारतंय. आगीचं भ्यावही मनात असतंच, ऑक्टोबर 2022 मधे नाशिकला खाजगी स्लीपर पेटली, 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ 25 जण गेले. त्यामुळं मी बसलो की पहिलं काच फोडायची हातोडी कुठं आहे आणि इमर्जन्सी दार सामानानं अडलंय का ते बघतो, तुम्हीही बघा.

पण माझं मन फिरलं ते आगीमुळं नाही, उतरण्याच्या जागेमुळं. पुण्याहून हैदराबादकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या शहरात येतच नाहीत. तिकिटावर सोलापूर लिहिलेलं असतं आणि तुम्हाला शहराच्या टोकाला बाळे इथं हायवेवरच सोडतात. पहाटे साडेतीनला क्लीनर हाक मारतो, चला सोलापूरवाले, लवकर लवकर. बायको अर्धवट झोपेत, पोरगं खांद्यावर, आई पायऱ्या चाचपडत उतरतेय आणि तोपर्यंत डिकीतनं बॅगा रस्त्याच्या कडेला काढून ठेवलेल्या, फराळाचा डबा आडवा. शेजारनं ट्रक जातोय त्याच्या वाऱ्यानं आईचा पदर उडतोय. दिव्याखाली एकच रिक्षा, तो म्हणेल तो भाडं, आणि आमचं घर जुळे सोलापूरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. काही झालं नाही, घरी पोचलो. पण अंगावर सोनं घातलेली आई त्या अंधारात हायवेच्या कडेला उभी, हे मला परत नको. शहरात आत येणाऱ्या ट्रॅव्हल्सही आहेत, त्यांना हे लागू नाही, फक्त बुक करायच्या आधी फोन करून उतरायची जागा आणि टाईम दोन्ही पक्कं विचारा.

रेल्वेचाही त्रास आहे, नाही असं नाही. रिझर्वेशन नसेल तर सणात जनरल डब्याच्या नादाला लागू नका. 27 ऑक्टोबर 2024 ला वांद्रे टर्मिनसला दिवाळीच्याच गर्दीत चेंगराचेंगरी झाली, दारात लटकून जाण्याएवढं घरी पोचणं अर्जंट नसतं. रात्रीच्या गाडीत दौंड कुर्डुवाडी पट्ट्यात खिडकीतनं गळ्यातलं ओढल्याचं ऐकून आहे, म्हणून आमच्या घरचे मंगळसूत्र पदराखाली आणि खिडकी बंद ठेवतात. पोरांसाठी पुण्यातनं फटाके घेऊन चढू नका, तो गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय डबाभर लोकांचा जीव.

एवढं सगळं धरूनही मला पुणे-सोलापूर हुतात्मा एक्सप्रेसच बरी वाटते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुणं सोडते, दहाच्या आसपास सोलापूर. बसून प्रवास, झोपायचा प्रश्न नाही, बॅगा डोळ्यासमोर, आणि उतरलं की उजेडातलं स्टेशन, बाहेर रिक्षांची रांग, चार माणसं सोबत. वंदे भारतही चालते, ती अकराच्या आत येते, फक्त खिशाला जड. डब्यात कुणी त्रास दिला तर 139 ला फोन लावता येतो. वडलांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांनाही गाडीत उठून दोन पावलं टाकता येतात.

अडचण तिकिटाचीच. आता बुकिंग 120 नाही तर 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळं वसुबारसेची तारीख बघून मागं 60 दिवस मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा, परतीचंही भाऊबीजेनंतरच्या हिशोबानं तसंच. नाहीच मिळालं तर दिवसाची एसटी बघा, बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, आणि ती थेट स्टँडात आणून सोडते.