मुलांच्या दातांच्या नावाखाली ७५,३०० रुपये उकळले, सावध राहा

डोंबिवलीत आमच्या सोसायटीत मोफत दंततपासणी शिबिर झालं. पुढचा क्रम तुम्हाला ठाऊक आहेच: फुकट तपासणी, मग भीती, मग 'आजच्यापुरती' सूट. माझ्या ८ वर्षांच्या मुलीच्या वरच्या दोन दातांत फट आहे. "जबडा अरुंद आहे, आत्ता केलं नाही तर पुढे ऑपरेशन," असं तिच्यादेखत सांगितलं. तेव्हापासून पोर तोंडावर हात ठेवून हसते. अशा वेळी कुठली आई पैशाकडे बघेल?

शिबिरवाल्यांच्या क्लिनिकमध्ये उपचाराचं पॅकेज ७२,००० रुपये, ६,००० चे १२ हप्ते. वर फाइल चार्ज २,५०० आणि ओपीजी एक्स-रेचे (पूर्ण जबड्याचा एकत्र फोटो) ८००.

खटकायला हवं होतं ते इथे. एक्स-रे अजून हातात आला नव्हता आणि रिसेप्शनवरची मुलगी कर्जासाठी ओटीपी मागत होती. "मॅडम, स्कीम सहाला बंद होते." डॉक्टरांनी दातांचं माप घेतलंच नाही. खण उघडला, डबीतला निळा रबरी ट्रेनर (दात ओळीत आणायला तोंडात घालायचा तयार साचा) काढला आणि तिच्या तोंडात बसवला. खणात तशाच डब्या ओळीने लावलेल्या होत्या. मला त्या दिसल्या होत्या! पण डॉक्टरला उलट प्रश्न विचारायची आपल्याला सवय कुठे असते? पाटीवर 'ऑर्थोडॉन्टिस्ट', म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ, असं होतं. ते पाटीवरचे डॉक्टर कधी भेटलेच नाहीत. हात लावला तो साध्या बीडीएसने, म्हणजे दंतवैद्यकाची फक्त पहिली पदवी असलेल्याने. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दात सरळ करण्याच्या विषयातला एमडीएस, त्यापुढची पदवी घेतलेला. नोंदणी क्रमांक मागा.

शेवटी मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या मॅडमनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवलं: वरचे सुळे अजून हिरडीत आहेत, ते खाली येताना ही फट बहुतेक मुलांत आपोआप मिटते. या वयात असंच दिसतं. खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, अंगठा चोखणं सुटत नसेल, दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली असेल, तर लवकर उपचार लागतात. सातव्या वर्षी तपासणी जरूर करा, पण तपासणी म्हणजे लगेच उपचार नव्हेत.

क्लिनिक म्हणतं, उपचार सुरू झाले, परतावा नाही. फायनान्सवाले म्हणतात, क्लिनिकचं तुम्ही बघा, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल. चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला, आणि अर्जाची पोचसुद्धा देईनात. डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायची तिथे गेले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत आणा म्हणाले. आणि एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून देईल तर शपथ! तोंडी सगळे सांगतात, "तुम्हाला फसवलंय." कागद पुढे केला की सगळे गप्प. मग सामान्य माणसाने जायचं कुठे? फसवणाऱ्याला एक सही पुरते आणि फसलेल्याकडे मात्र पुराव्यांचा गठ्ठा मागतात!

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकते आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. हप्ते मात्र चालूच आहेत. एक्स-रे आणि उपचाराचा आराखडा लेखी घेतल्याशिवाय ओटीपी देऊ नका. त्या शिबिरातून कुणी पैसे भरले असतील तर आजच पावती काढून बघा, वर क्लिनिकचंच नाव आहे का. माझ्या पावतीवर भलत्याच कंपनीचं आहे.