बंदिस्त दुकानाचा ई-रीडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सहा इंची पडदा, इंचाला ३०० ठिपके (पीपीआय), १६ जीबी, फक्त वायफाय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं स्वतःचं पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या रीडरला लागू पडेल.

यंत्राबद्दल फारशी तक्रार नाही. भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं, डोळे शिणत नाहीत. बॅटरीचा 'इतके आठवडे' हा खोक्यावरचा आकडा मात्र सहसा रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असं धरून काढलेला असतो. रोज दोन तास वाचणाऱ्याने त्याला सरळ चाराने भागावं. साध्या मजकुराची मराठी कादंबरी एक-दोन एमबीत बसते, त्यामुळे जास्त जागेच्या मॉडेलसाठी पैसे घालवू नका.

मराठीसाठी दोन गोष्टी आधी करून घ्या. ईपबच्या (ई-पुस्तकाच्या फाईलच्या) माहितीत भाषा 'हिंदी' किंवा 'इंग्रजी' नोंदलेली असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात. कॅलिबर या संगणकावरच्या ई-पुस्तक सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'मराठी' करून फाईल नव्याने रूपांतरित करा. तरी फरक पडला नाही तर फॉन्टच बदलायला हवा. यूएसबीने जोडल्यावर बऱ्याच रीडरमध्ये 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर दिसतो, त्यात नोटो किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका टाका. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' हे शब्द उघडून बघा. ऱ्य तुटला असेल तर फॉन्ट किंवा फाईल सदोष आहे असं समजा.

पीडीएफचा नाद सोडा. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद, पडदा जेमतेम साडेतीन इंच. म्हणजे १४ पॉइंटचं अक्षर ९ पॉइंटचं होतं. समास कापून पानाचे तुकडे करणारं केटूपीडीएफऑप्ट हे सॉफ्टवेअर थोडीफार सोय करतं. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफचं ईपब करायला गेलात तर हाती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते, कारण त्या फाईलमध्ये मुळात युनिकोड मजकूरच नसतो.

आता खरी अडचण. बटणावर लिहिलेलं असतं 'विकत घ्या', पण अटींमध्ये मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना. हा शब्दांचा कीस नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने इंग्रजी लेखक जॉर्ज ऑरवेलच्या पुस्तकांच्या काही आवृत्त्या ग्राहकांच्या किंडल रीडरवरून परस्पर काढून टाकल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण खरं होतं, पैसेही परत दिले, पण यंत्रातलं पुस्तक दूर बसून उचलता येतं हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस विकत घेतलेली फाईल संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीने टाकायची सोयही त्यांनी बंद केली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून 'हा परवाना आहे' असं स्पष्ट न सांगता डिजिटल मालाला 'विकत घ्या' म्हणता येत नाही. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरचा २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मालकी कमी, कर जास्त!

मग डीआरएमचं, म्हणजे फाईलची नक्कल रोखणारं, कुलूप काढलं तर? कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा ही भाषा बरीच सौम्य आहे. कलम ५२ खासगी वापरासाठी रास्त वापराची मुभा देतं, आणि दृष्टिहीन वाचकांसाठी सुलभ प्रत करायला त्यात वेगळी तरतूद आहे. मात्र कायद्यात जागा असली तरी दुकानाच्या अटी वेगळ्या. अटीभंग म्हणून खातं बंद झालं की सगळी पुस्तकं एकदम जातात. फाईल मित्राला पाठवणं तर कुठल्याच सवलतीत बसत नाही.

सोपा मार्ग म्हणजे कुलूप नसलेली फाईल घेणं. खरेदीआधी पुस्तकाच्या माहितीत 'डीआरएमशिवाय' असा उल्लेख आहे का पाहा, किंवा प्रकाशकाला ईपब थेट विकता का ते विचारा. जुन्या साहित्यासाठी विकिस्रोत हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय आहेच. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. फाईल रीडरच्या ईमेल पत्त्यावर पाठवण्यापेक्षा यूएसबीने टाकलेली बरी, आणि मूळ प्रत संगणकावर ठेवा.

दुकानातून पुस्तक घेतलंच, तर खरेदीच्या वेळीच अटींचा आणि पावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुस्तक गायब झालं तर चॅटवरच्या 'सॉरी'वर थांबू नका, तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.