मांजराच्या किडनीसाठी सुट्टं रीनल फूड घेताय? आधी आमच्या मन्याचं वाचा

आमचा मन्या १२ वर्षांचा बोका. दिवाळीनंतर सारखा पाणी प्यायला लागला, वजन उतरलं, म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात हे वाढतं) ३.१. डॉक्टर म्हणाले किडनी, तिसरी स्टेज (२.९ ते ५ असलं की तिसरी धरतात), बरं होणार नाही पण लांबवता येईल, आणि त्यात औषधाएवढंच महत्त्वाचं म्हणजे जेवण, फॉस्फरस कमी असलेलं रीनल फूड. सासूबाई रोज त्याला मांदेली काट्यासकट द्यायच्या, ते आधी बंद. त्यावरून भांडुपच्या आमच्या घरात जे झालं ते इथे नको.

दोन किलोची बॅग जवळजवळ तीन हजारांची आणि साहेब तिच्याकडे ढुंकून बघेनात. यात प्रोटीन कमी केलेलं असतं, बऱ्याच मांजरांना नाही आवडत. महिना कसाबसा काढला, खर्चाने जीव मेटाकुटीला आला आणि तेव्हाच एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाचा मेसेज, क्लिनिकसाठी मोठ्या गोणी येतात त्यातलं सुट्टं देतो, किलोला ८५०. फोन केला तर इतका गोड बोलणारा माणूस, ताई ताई करत. रीनल संपलं तर युरिनरी घ्या म्हणाला, किडनी काय नि लघवी काय, एकच ना. तिथेच फोन ठेवायला हवा होता. युरिनरी फूड खड्यांसाठी असतं, ते लघवी आम्लधर्मी करतं आणि किडनीच्या मांजराच्या रक्तात आधीच आम्ल वाढायची भीती असते, डॉक्टरांनी मला हे समजावलेलं होतं हो! पण ८५० ऐकल्यावर डोकं चालत नाही.

घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली झिपचे पाऊच हातात दिले, वर प्रिंटरवर काढलेलं 'रीनल' असं स्टिकर. गोणीचा फोटो मागितला तर पाठवला, तो नेटवरचा होता हे नंतर कळलं.

आणि मन्या तुटून पडला त्याच्यावर. वाटी चाटूनपुसून साफ. मी यांना बोलावून दाखवलं, बघा कसा खातोय, उगाच तीन हजार घालत होतो. ज्या बोक्याने महिनाभर नाक मुरडलं तो अचानक असा का खातोय हा प्रश्न मला पडलाच नाही, उलट आनंद झाला, हेच मला अजून सलतं.

साडेतीन महिन्यांत सहा किलो घेतलं, ५१०० रुपये. मग मन्या उलट्या करायला लागला. क्रिएटिनिन ४.४, फॉस्फरसही वाढलेलं, ७.६. डॉक्टर म्हणाले फूड घेऊन या. त्यांनी आमचे दाणे जुन्या रिपोर्टच्या कागदावर ओतले, शेजारी कपाटातल्या सॅम्पलचे. त्यांचे सगळे एकाच आकाराचे, फिकट. आमच्यात दोन जातींचे दाणे, एक तर चक्क लालसर. साधं बाजारातलं अ‍ॅडल्ट फूड, तेही मिक्स, असं त्यांचं म्हणणं. आजार वाढला त्यात फूडचा वाटा किती आणि रोगाचा किती ते सांगता येणार नाही, हेही ते प्रामाणिकपणे बोलले.

त्या माणसाला लिहिलं तर उत्तर आलं, मांजर म्हातारं झालंय ताई, फूडला काय दोष देता. मग ब्लॉक. यूपीआयचे स्क्रीनशॉट होते म्हणून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर तक्रार केली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण. पैसे अजून आलेले नाहीत.

तर सुट्टं घेऊच नका, कितीही ओळखीतून आलं तरी. सीलबंद बॅग, बॅच नंबर, एक्स्पायरी, एमआरपी, बाहेरचा माल असेल तर इंपोर्टरचं नाव-पत्ता, हे छापलेलं असायलाच लागतं, स्टिकरवर स्टिकर असेल तर नखाने उचलून बघा, दुकानदार रागावला तर रागावू दे. परवडत नसेल तर डॉक्टरांना तोंडाने सांगा. मी लाजले आणि गप्प बसले, नंतर सांगितलं तर त्यांनी स्वस्तातला दुसरा ब्रँड सुचवला की!

आता परत खरी बॅग आणलीये. एकदम बदलायचं नाही, आठ-दहा दिवस थोडं थोडं मिसळत जायचं, आणि उपाशी ठेवून तर अजिबात शिकवायचं नाही, मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हरवर येतं. मी कोमट पाणी घालून वाटी पुढे धरते. काल रात्री अकराला त्याने सहा दाणे खाल्ले, मोजले मी. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, एक मांदेली नुसती शेजारी ठेव गं, वासावर खाईल.